अलबेला माणूस : मास्टर भगवान

आपल्या मराठी पानावर बहुधा सेनापती, क्रांतिकारक आणि शास्त्रज्ञ यांची चरित्रे येतात. या वेळी मी एका विनोदी नटाची कहाणी लिहायला घेतली आहे. हा नट पुढे दिग्दर्शक झाला, निर्माता झाला, स्टुडिओचा मालक झाला आणि शेवटी पुन्हा साधा नट झाला. त्याच्या आयुष्यातला हा शेवटचा टप्पा आपल्यासारख्या कॅडेटना सर्वांत जास्त शिकवतो, असे मला वाटते, म्हणून हा लेख.

भगवान आबाजी पालव हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. माझे घर अहिवाऱ्यात आहे, त्यामुळे हे गाव मला परके वाटत नाही. त्या काळी अमरावती आणि आपला दुर्ग जिल्हा एकाच कारभाराखाली होते. मध्य प्रांत व वऱ्हाड असे त्याचे नाव आणि नागपूर ही राजधानी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात आला. सीमा बदलल्या, पण रेल्वेचा मार्ग तोच राहिला. दुर्गहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही नागपूर, बडनेरा करत जाते, आणि बडनेऱ्याला उतरले की अमरावती जवळच.

भगवानचे वडील कापडगिरणीत कामगार होते. कुटुंब मुंबईत आले आणि दादर-परळच्या गिरणगावात मुलगा वाढला. शाळा फारशी झाली नाही. त्याने स्वतःही मजुरी केली. पण दोन गोष्टींचा नाद लहानपणापासून होता, एक सिनेमा आणि दुसरी कुस्ती. अंग कमावलेले, उंची बेताची, चेहरा गोल आणि भाबडा. नायक म्हणून कोणी निवडावे असे रूप नव्हते. मूकपटांचा काळ संपत आला होता, तेव्हा त्यांना पडद्यावर छोटी कामे मिळू लागली. बोलपट आल्यावरही ती चालू राहिली.

इथे त्यांचा एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. इतर नट आपले काम झाले की घरी जात. भगवान मात्र सेटवर थांबून कॅमेरा कसा लावतात, प्रकाश कुठून येतो, फिल्म कशी कापून जोडतात हे सगळे शिकत राहिले. त्याचे फळ १९३८ मध्ये मिळाले. चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी ‘बहादुर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षे म्हणजे १९४९ पर्यंत त्यांनी एकामागून एक मारधाडीचे, म्हणजे स्टंटचे चित्रपट काढले. खर्च अगदी कमी. कलाकारांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळी व्यवस्था ते स्वतः बघत. फौजेत ज्याला आपण रसद म्हणतो, ती त्यांच्याच हातात असे. चित्रपटात त्यांची भूमिका ठरलेली, साधाभोळा, वेळप्रसंगी मार खाणारा आणि शेवटी सगळ्यांना पुरून उरणारा गडी. मोठ्या वर्तमानपत्रांचे समीक्षक या चित्रपटांकडे फारसे बघत नसत. पण गिरणीतून सुटलेला कामगार दोन-चार आणे देऊन ते बघायला जाई. आमच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत आणि भिलाईच्या कारखान्यात राबणारी माणसे बघितली की मला त्या प्रेक्षकांची कल्पना येते. दिवसभर अंग मोडून काम केलेल्या माणसाला दोन तास हसवणे हे हलके काम नाही.

याच काळात त्यांनी मद्रासकडेही मुलूखगिरी केली. ‘वनमोहिनी’ हा १९४१ चा तमिळ चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. त्यात एम. के. राधा आणि तवमणी देवी हे कलाकार होते, आणि एका हत्तीलाही महत्त्वाचे काम होते. गिरणगावातल्या मराठी माणसाने तमिळ चित्रपट काढावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता एक प्रसंग, जो अनेक लेखांत एका ओळीत आटोपतात. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी अभिनेत्री ललिता पवार यांना थप्पड मारण्याचे दृश्य होते. थप्पड फार जोरात बसली. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डोळ्यातला दोष कायमचा राहिला आणि नायिका म्हणून त्यांची वाट बंद झाली. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या या बाईंनी हार मानली नाही. चरित्र भूमिका आणि खाष्ट सासूची कामे करून त्यांनी आपले वेगळे स्थान निर्माण केले. ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढे दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत घराघरात लोकांनी त्यांना मंथरा म्हणून ओळखले.

ज्याचे चरित्र लिहायचे त्याच्या हातून झालेले नुकसान झाकून ठेवणे मला पटत नाही. भगवान यांचा हेतू वाईट नव्हता, तरी किंमत दुसऱ्याने मोजली. बॉक्सिंगच्या रिंगणात किंवा फायरिंग रेंजवर आपल्याला वारंवार सुरक्षेचे नियम सांगितले जातात, ते का, हे या एका थपडेवरून समजते. आपल्या अंगात ताकद आहे हे माहीत असलेल्या माणसाने तर ती जास्तच जपून वापरायला हवी.

१९४२ मध्येच भगवान निर्माते झाले. ‘जागृती पिक्चर्स’ ही त्यांची संस्था. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, त्यांनी चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ उभा केला. गिरणी कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला. मग राज कपूर यांनी त्यांना सल्ला दिला की मारधाडीचे चित्रपट पुरे झाले, आता घरसंसाराची गोष्ट सांगणारा चित्रपट काढा. भगवान यांनी तो मानला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला.

‘अलबेला’चे कथानक साधे आहे. प्यारेलाल नावाचा गरीब घरातला मुलगा नाटकाच्या वेडापायी घरच्यांची बोलणी खातो, घर सोडतो आणि नाव कमावूनच परत येईन असे ठरवतो. प्यारेलाल स्वतः भगवान, नायिका गीता बाली. निर्माता आणि दिग्दर्शकही तेच. गाणी राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. हे सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे राम चितळकर. भगवान यांनी त्यांना स्टंटपटांच्या दिवसांतच संधी दिली होती आणि दोघांची मैत्री तेव्हापासूनची. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी विलायती वाद्ये आणि चाल मात्र कोणालाही गुणगुणता येईल अशी. भगवान यांच्यासाठी चितळकरांनी स्वतः आवाज दिला आणि सोबत लता मंगेशकर गायल्या. त्याच चित्रपटातली अंगाई आजही आया गातात.

पण लोकांना खरे वेड लावले ते भगवान यांच्या नाचाने. त्यात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. गुडघे किंचित वाकवलेले, पावले लहान, हात सैल, खांदे तालावर हलणारे आणि चेहऱ्यावर मोकळे हसू. बघणाऱ्याला वाटावे, हे तर मलाही जमेल. म्हणूनच तो नाच गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत शिरला तो कायमचा. पुढच्या काळात अमिताभ बच्चन आणि गोविंदा यांच्या नाचात लोकांना त्याच पावलांची खूण दिसली.

‘अलबेला’ त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला. जुहूला समुद्रासमोर २५ खोल्यांचा बंगला झाला. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात मोटारी दारात उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये त्यांनी गीता बाली आणि चितळकर यांनाच घेऊन ‘झमेला’ काढला, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा साधली नाही. १९५६ चा ‘भागम भाग’ बरा चालला. त्यानंतर मात्र यश परतले नाही. बंगला विकला, मोटारी विकल्या, स्टुडिओही हातचा गेला आणि भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले.

युद्धशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की सेनापतीने सगळी फौज एकदम आघाडीवर पाठवू नये, थोडी राखीव ठेवावी. भगवानदादांनी राखीव काही ठेवले नाही. मिळवलेला प्रत्येक रुपया पुढच्या चित्रपटात किंवा थाटामाटात गेला. हिशेबाच्या नजरेने बघितले तर ते हरले, यात शंका नाही.

तरी त्यांना हरलेला माणूस म्हणायला माझे मन तयार होत नाही. कालपर्यंत जो मालकाच्या खुर्चीत बसत होता, त्याने आता मिळेल ती भूमिका घ्यायला सुरुवात केली. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’, ‘गेटवे ऑफ इंडिया’ यांत तरी बऱ्या भूमिका होत्या. पुढे पुढे तर गर्दीत दोन मिनिटे नाचण्यापुरते काम मिळे, आणि बऱ्याचदा तो नाच ‘अलबेला’चाच असे. ते वेळेवर जात, नाचत आणि पैसे घेऊन घरी येत. दशकानुदशके त्यांनी हे केले.

भरभराटीच्या दिवसांतली बहुतेक माणसे पांगली. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि ओमप्रकाश हे मात्र चाळीच्या खोलीत त्यांना भेटायला येत राहिले. सात मोटारी गेल्यावर तीन मित्र उरले. ही शिल्लक मला कमी वाटत नाही.

आपल्याकडे दरवर्षी नव्या नेमणुका होतात. खांद्यावरची पट्टी उतरली की कालचा कॅप्टन पुन्हा साध्या रांगेत उभा राहतो. काहींना त्या दिवसापासून परेडचा कंटाळा येतो, तर काही तितक्याच जोरात पाय आपटतात. भगवानदादा दुसऱ्या जातीचे होते.

४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दादरच्या घरी त्यांचे निधन झाले. वय ८८ वर्षे. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला आणि मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली. भिलाईकरांना ४ फेब्रुवारी ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ असते, कारण १९५९ मध्ये याच दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले होते. यापुढे ती तारीख आली की कामगारांना हसवणाऱ्या या कामगाराच्या मुलाचीही आठवण काढावी. आणि सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांबरोबर बसून ‘अलबेला’ जरूर बघावा.