धुराचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

कारखानदार कोळशाचे पैसे देतो, कामगारांचे वेतन देतो, यंत्रांची झीजही हिशेबात धरतो. पण त्याच्या धुरांड्यातून निघणाऱ्या काजळीने आसपासच्या वस्तीतील कपडे मळतात, भिंती काळवंडतात, भरदिवसा दिवे लावावे लागतात. या खर्चाची नोंद त्याच्या वहीत कोठेच नसते. ही राहून गेलेली नोंद अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय केंब्रिजचे प्राध्यापक आर्थर सेसिल पिगू यांचे. आज उत्सर्जन शुल्क किंवा कार्बन कर या नावांनी जे उपाय ओळखले जातात, त्यांचे मूळ त्यांच्याच विचारात आहे.

पिगू यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील राइड येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. हॅरो येथील शालेय शिक्षणानंतर ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये दाखल झाले, ते इतिहासाचे विद्यार्थी म्हणून. १८९९ मध्ये त्यांनी विद्यापीठाचे काव्यलेखनाचे सुवर्णपदकही पटकावले. पुढे आल्फ्रेड मार्शल यांच्या प्रभावाने ते अर्थशास्त्राकडे वळले. १९०८ मध्ये मार्शल निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे अध्यासन अवघ्या तीस वर्षांच्या पिगूंकडे आले. १९४३ पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

१९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ अँड वेल्फेअर’ या ग्रंथाचा विस्तार करून त्यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ सिद्ध केला. उत्पादकाला येणारा खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च यांत तफावत पडली, तर बाजार आपणहून योग्य तोल साधू शकत नाही, हे त्यांनी या ग्रंथात सांगोपांग दाखवून दिले. रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळांलगतच्या रानाची होणारी हानी हे त्यांचे एक उदाहरण. दुसरे उदाहरण घरातल्या धुण्याचे. १९१८ मधील एका पाहणीत धुरकट मँचेस्टर आणि स्वच्छ हॅरोगेट या दोन शहरांतील कामगार कुटुंबांचा कपडे धुण्याचा खर्च ताडून पाहिला गेला. मँचेस्टरच्या कुटुंबाला आठवड्याला साडेसात पेन्स जास्त लागत होते. सुमारे साडेसात लाख लोकवस्तीच्या त्या शहरासाठी ही रक्कम वर्षाला २ लाख ९० हजार पौंडांच्या वर जात होती, आणि तीत गृहिणींच्या श्रमाचे मोल धरलेलेच नव्हते.

पिगूंनी सुचविलेला उपाय सुटसुटीत होता. जेवढी हानी, तेवढा कर. असा कर बसला की धूर कमी करावा की पैसे भरावेत, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्याला धूर कमी करणे स्वस्त पडते तो आधी कमी करील आणि समाजाचे काम कमीत कमी खर्चात होईल. मात्र शासनावर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. राज्यकर्तेही अज्ञान, हितसंबंधीयांचा दबाव आणि भ्रष्टाचार यांना बळी पडतात, याची जाणीव त्यांनी त्याच ग्रंथात करून दिली आहे.

पहिल्या महायुद्धात सुट्टीच्या काळात त्यांनी आघाडीवर रुग्णवाहिका चालविली. युद्धानंतर मात्र हा मनमिळाऊ माणूस एकांतप्रिय झाला. गिर्यारोहणाची त्यांना विलक्षण आवड होती. पण पुढे हृदयविकाराने त्यावरही मर्यादा आणली. ज्या जॉन मेनार्ड केन्स यांना आरंभीच्या काळात त्यांनी पदरमोड करून अध्यापनाची संधी दिली, त्याच केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात पिगूंच्या बेरोजगारीविषयक सिद्धान्तावर कठोर टीका केली. या वादात पिगूंचे नाव मागे पडले आणि धुराचा विचारही झाकोळला.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट विषारी धुके उतरले. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे त्यात दगावली. १९५६ मध्ये ब्रिटनने शुद्ध हवेचा कायदा केला, पण तो निर्बंधांचा होता, कराचा नव्हता. ७ मार्च १९५९ रोजी पिगूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड कोज यांनी रेल्वेच्या ठिणग्यांचेच उदाहरण घेऊन त्यांचे प्रतिपादन खोडण्याचा प्रयत्न केला.

कल्पनेला दिवस आले ते नंतर. फिनलंडने १९९० मध्ये कार्बन कर बसविला. स्वीडनने १९९२ पासून मोठ्या भट्ट्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजून त्यावर दर किलोमागे ४० क्रोनर शुल्क घेतले आणि जमा रक्कम ऊर्जानिर्मितीच्या प्रमाणात त्याच उद्योगांना परत केली. कमी धुरात जास्त ऊर्जा काढणारा फायद्यात राहिला आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन झपाट्याने घटले.

भारताने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेला हा पैसा २०१७ नंतर राज्यांच्या ‘जीएसटी’ भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन कोळशावरील ‘जीएसटी’ ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे पूर्वी कर वजनावर होता, आता तो किमतीवर आहे. धुरांड्यातून प्रत्यक्ष काय बाहेर पडते, याच्याशी त्याचा संबंध दोन्ही वेळा दूरचाच राहिला. गाळणी बसविणारा आणि न बसविणारा कोळशावर सारख्याच दराने कर भरतो.

पैसे भरून प्रदूषणाचा परवाना मिळतो, हा या कराविरुद्धचा नेहमीचा आक्षेप. शुल्क हानीपेक्षा कमी असेल, तर तो खराच ठरतो. पिगूंच्या विचाराचा कस म्हणूनच कर बसविण्यात नाही; धूर नेमका मोजण्यात आणि त्याची पुरी किंमत वसूल करण्यात आहे. तोवर धुराचे बिल मँचेस्टरच्या त्या गृहिणींप्रमाणे शेजारीपाजारीच भरत राहणार.