पक्ष्यांसाठी विनावेतन : डॉ. सलीम अली



दरवर्षी पावसाळा आला की आपल्या शाळेत वृक्षारोपण होते. रोपे लावायला सगळेच उत्साहाने पुढे येतात. चैत्र-वैशाखात पाणी घालायला मात्र मोजकेच हात उरतात. अशा वेळी मला डॉ. सलीम अली यांची आठवण येते. वेतन नसतानाही ज्यांनी काम सोडले नाही, अशा या थोर पक्षीशास्त्रज्ञाचा परिचय या अंकात करून देत आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले व मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एकदा एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड साहेबांनी चिमणीची ओळख पटवलीच, शिवाय सोसायटीतला पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. शिकारीची हौस असलेल्या मुलाला त्या दिवशी अभ्यासाची गोडी लागली.

कॉलेजात गणिताने त्यांना हैराण केले. शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले, पण मन रमले ते तिथल्या जंगलातच. १९२६ साली मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला पक्षीशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले! पत्नी तहमीना यांनी मात्र साथ सोडली नाही. अलिबागजवळच्या किहीम गावी राहताना त्यांनी सुगरण पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला.

मग त्यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण विनामोबदला करू, संस्थानांनी फक्त प्रवास व मुक्कामाचा खर्च द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९३१ साली हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. नंतर त्रावणकोर, कोचीन आणि आपल्या भागातील ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ संस्थानेही त्यांनी पालथी घातली. तहमीना तंबूत सोबत असत. १९३९ साली त्यांचे निधन झाले. हा आघात मोठा होता, पण सलीम अलींच्या नोंदवह्या बंद पडल्या नाहीत. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामाला दिली.

पक्षी आणि झाड यांचे नाते त्यांनी फार लवकर ओळखले होते. पळस, पांगारा, सावर यांची फुले पक्ष्यांमुळे कशी फळतात, यावर त्यांनी लिहिले. वड-पिंपळाच्या बियाही पक्षीच दूर नेऊन टाकतात. म्हणून केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, यासाठी वृद्धापकाळीही त्यांनी आवाज उठविला. धरण रद्द झाले व १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९८७ साली सलीम अलींचे निधन झाले. गोव्यात चोडण बेटावरील अभयारण्य आज त्यांचे नाव सांगते.

पालकांना विनंती, की मुलाचे गणिताचे गुण कमी आले तरी त्याची आवड कशात आहे, हेही पाहावे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून एवढेच मागणे आहे. दोघांनी मिळून एक रोप दत्तक घ्या, उन्हाळाभर पाणी घाला आणि त्यावर कोणता पक्षी कधी आला, ते वहीत लिहा. या कामाला गुण नाहीत, बक्षीसही नाही. सलीम अलींनाही वेतन नव्हते.

आपला शुभचिंतक,
प्राचार्य