पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सेवा

पंडिता रमाबाईंचे नाव घेताच केडगावचे मुक्तिसदन आणि तेथे आश्रय मिळालेल्या निराधार स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या समाजकार्याचा गौरव सर्वत्र होतो. त्यामागील धर्मश्रद्धा मात्र पुष्कळदा बाजूस ठेवली जाते. रमाबाईंना अशी विभागणी मान्य नव्हती.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. संस्कृत विद्या त्यांना माता लक्ष्मीबाईंकडून लाभली. दुष्काळात मातापिता निवर्तले. बंधू श्रीनिवास यांच्यासह भ्रमंती करीत १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. पुढे १८८० मध्ये बंधू व १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निधन पावले. पदरी तान्ही मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी माणुसकीने वागवीत. हे पाहून त्या ख्रिस्ताच्या शिकवणीकडे आकृष्ट झाल्या व वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार होते. मात्र १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात मोठे परिवर्तन घडले. आपण ख्रिस्ती मत बुद्धीने स्वीकारले, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला लाभला नव्हता, याची त्यांना जाणीव झाली. त्यांनी आपली प्रार्थना लपविली नाही. खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या भरवशावर मुली सोपविल्या गेल्या होत्या, त्याचा प्रश्न खराच होता. श्रद्धा झाकून जगणे रमाबाईंना अशक्य होते, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा वाचवून आणल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली आणि धर्मविषयक बंधनही उरले नाही. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालू लागले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही तेथे आल्या. शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण मिळू लागले. अंध स्त्रियांनाही विद्या मिळाली. या सर्व उद्योगांच्या केंद्रस्थानी प्रार्थना होती.

इतका मोठा संसार सांभाळत असतानाही रमाबाईंनी उत्तरायुष्यातील बहुमोल वर्षे बायबलच्या भाषांतरास दिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या, अल्पशिक्षित स्त्रीला वाचून समजेल अशी मराठी त्यांनी योजिली आणि मुक्तिसदनातील मुलींनी तो मजकूर आपल्याच छापखान्यात जुळविला. संस्कृतच्या या पंडितेने आपली विद्वत्ता अशा वाचकांसाठी खर्ची घातली. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले, तरीही काम थांबले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. भुकेल्या मुलीला अन्न देणे आणि तिच्या हाती धर्मग्रंथ देणे ही त्यांच्या लेखी दोन कार्ये नव्हती. एकाच श्रद्धेतून ती दोन्ही घडत होती.