बाबासाहेब आंबेडकर यांचे सार्वजनिक शिक्षणविषयक कार्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक व भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ समाजातील सर्व थरांना न्याय्य प्रमाणात मिळावा, यासाठी त्यांनी १९२० च्या दशकापासून सातत्याने प्रयत्न केले. शाळा कायद्याने सर्वांना खुली असणे पुरेसे नाही. शिक्षणावर किती पैसा खर्च होतो, शाळांची व्यवस्था कोणाच्या हाती आहे आणि दाखल झालेले मूल शाळेत किती वर्षे टिकते, यांवरूनच सरकारी धोरणाची न्याय्यता ठरते, हे त्यांच्या भूमिकेचे मुख्य सूत्र होते. या कार्याचा पहिला मोठा कालखंड मुंबईतील परळ या गिरणगावात व मुंबई प्रांताच्या विधिमंडळात घडला.

== बालपण आणि शिक्षण ==

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. लष्करातील नोकरीमुळे महार कुटुंबांतील काहींना शिक्षणाची जी संधी मिळाली, तिचा लाभ या घराला झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव यांचे नाव सातारा येथील सरकारी शाळेत (आताचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. शाळा सरकारी असल्याने प्रवेश मिळाला, पण त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागवता येई. कायद्याने उघडलेले दार व्यवहारात अर्धवट बंद कसे राहते, याचा हा त्यांचा पहिला अनुभव होता.

पुढे सकपाळ कुटुंब मुंबईत परळ भागात राहावयास आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतून १९०७ ची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानिमित्त झालेल्या सत्कार सभेचे अध्यक्षस्थान सीताराम केशव बोले यांनी भूषवले होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले.

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात आणि त्यानंतर दोन टप्प्यांत लंडन येथे शिक्षण घेतले. लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डी.एस्सी. ही पदवी त्यांना १९२३ मध्ये मिळाली. सार्वजनिक अर्थव्यवहार हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय होता. पुढे शिक्षणाचा प्रश्न मांडताना ते सरकारी अंदाजपत्रकातील आकड्यांचा आधार घेत, त्यामागे हा अभ्यास होता.

== परळ आणि बहिष्कृत हितकारिणी सभा ==

१९१२ ते १९३४ या काळात, परदेशातील वास्तव्य वगळता, आंबेडकर परळच्या पोयबावडी भागातील बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये दोन खोल्यांत राहत. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने या चाळी बांधल्या होत्या. सभोवती कापड गिरण्या आणि पूर्वेला रे रोड, माझगाव या बाजूस गोद्या, वखारी व कारखाने अशी ही संपूर्ण कामगार वस्ती होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने व शाळा यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ठराव झाला, तरी स्थानिक संस्थांपैकी अनेकांनी त्याची अंमलबजावणी केली नाही. या पार्श्वभूमीवर २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सर चिमणलाल सेटलवाड हे तिचे अध्यक्ष, तर आंबेडकर व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. शिक्षणप्रसार हे सभेचे पहिले उद्दिष्ट होते. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले.

== मुंबई विधिमंडळातील मांडणी ==

आंबेडकर यांची मुंबई विधिमंडळावर सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली आणि १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी शपथ घेतली. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षण खात्याच्या अनुदानावर केलेल्या भाषणात त्यांनी प्रांताच्या शैक्षणिक धोरणाची आकडेवारीनिशी तपासणी केली.

त्यांचा पहिला मुद्दा खर्चाचा होता. सरकार शिक्षणावर दरडोई सुमारे १४ आणे खर्च करत होते, तर अबकारी करापोटी, म्हणजे मुख्यतः दारूवर, लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक रक्कम गोळा करत होते. लोकांकडून अबकारीत जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च व्हावे, अशी त्यांची मागणी होती. दुसरा मुद्दा गळतीचा होता. साक्षरता टिकण्यासाठी किमान चार इयत्ता शिकणे आवश्यक असताना, शाळेत दाखल झालेल्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचत होती. उरलेल्या मुलांवरील खर्च त्यामुळे वाया जात होता. तिसरा मुद्दा शुल्काचा होता. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चाचा ३१ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवला जात होता. खालच्या वर्गांतील मुले नुकतीच शिक्षणाच्या उंबरठ्यावर येत असताना शिक्षण महाग करणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

याच भाषणात त्यांनी शिष्यवृत्त्यांविषयी वेगळा विचार मांडला. तुटपुंजी रक्कम गरीब पालकांच्या हाती दिल्यास ती घरखर्चात जाते आणि मूल शिक्षणाला प्रतिकूल असलेल्या वस्तीतच राहते. म्हणून तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवरील चर्चेत त्यांनी मागासवर्गांना विद्यापीठाच्या सिनेटमध्ये प्रतिनिधित्व देण्याची मागणी केली.

== सायमन आयोगापुढील निवेदन ==

२९ मे १९२८ रोजी आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला मुंबई प्रांतातील अस्पृश्य वर्गांच्या शिक्षणविषयक स्थितीचे निवेदन सादर केले. त्यात ब्रिटिश अमलाच्या आरंभापासूनच्या शिक्षण धोरणाचा आढावा आहे. वरिष्ठ जातींचा विरोध होईल या भीतीने सरकारने सुरुवातीला कनिष्ठ जातींच्या शिक्षणात हात घातला नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हाही सरकारने आपला अधिकार वापरला नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी खास उपाय सुचवले. अस्पृश्यांच्या बाबतीत मात्र प्रवेशाचे तत्त्व मान्य करून ते सावधपणे अमलात आणावे, एवढ्यावरच आयोग थांबला.

निवेदनातील सर्वांत बोलका भाग १९२३ च्या आकड्यांचा आहे. सरकारी वर्गीकरणानुसार लोकसंख्येत चौथ्या क्रमांकावर असलेला प्रगत हिंदूंचा गट शिक्षणात पहिला होता आणि लोकसंख्येत दुसरा असलेला मागासवर्ग शिक्षणात शेवटचा होता. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेतील विद्यार्थी प्रगत हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मध्यम वर्गांत ३८ आणि मागासवर्गांत १८ होते. माध्यमिक शिक्षणात ही दरी आणखी रुंदावत होती. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण अनुक्रमे ३,०००, ५००, १४० आणि १४ असे होते. इयत्ता जसजशी चढत जाई, तसतसा विषमतेचा उतार तीव्र होत जाई, हे या तक्त्यांवरून स्पष्ट झाले.

निवेदनाच्या शेवटी त्यांनी मागण्या मांडल्या. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपवला होता. हे हस्तांतर थांबवावे, सक्ती प्रत्यक्षात आणावी, सार्वजनिक शाळांतील प्रवेशाचा नियम कडकपणे पाळला जावा आणि हंटर आयोगाने मुसलमानांसाठी सुचवलेले उपाय अस्पृश्यांनाही लागू करावेत, असे त्यांत म्हटले होते. स्थानिक स्वराज्याचा विस्तार हे त्या काळी प्रागतिक धोरण मानले जात असे. मात्र स्थानिक मंडळांवर ज्यांचे वर्चस्व आहे, तेच अस्पृश्यांच्या शाळाप्रवेशाला विरोध करतात, हा अनुभव असल्याने आंबेडकरांनी सत्ता कोणाच्या हाती जाते हा प्रश्न आधी विचारला.

== स्टार्ट समिती आणि नंतरचा काळ ==

१४ जून १९२८ रोजी आंबेडकरांच्या पुढाकाराने भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना झाली. माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी सरकारी साहाय्याने वसतिगृहे चालवणे हे मंडळाचे काम होते. त्याच वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर, पी. जी. सोळंकी व अमृतलाल ठक्कर हे तिचे सदस्य होते. समितीच्या दौऱ्यावर असताना ऑक्टोबर १९२९ मध्ये चाळीसगाव येथे टांग्याला अपघात होऊन आंबेडकर जखमी झाले. १९३० मध्ये सादर झालेल्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवण्याची आणि तांत्रिक शिक्षणाची सोय करण्याची शिफारस होती.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईतील भायखळा–परळ मतदारसंघातून प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. केंद्र सरकार अलीगढ व बनारस या विद्यापीठांना प्रत्येकी तीन लाख रुपयांचे अनुदान देते. तेवढीच रक्कम अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी मिळावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारने ही मागणी मान्य केली. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि काही विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यात आले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेचा उगम यात आहे.

== शिक्षणसंस्था ==

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत अपुरी असल्याने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढण्यात आले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. या संस्था सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुल्या होत्या.

== संविधानातील तरतुदी ==

संविधानाच्या मसुद्यातील अनुच्छेद ३६ मध्ये प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क असल्याचा उल्लेख होता. मार्गदर्शक तत्त्वांच्या रचनेशी तो विसंगत ठरतो, या कारणाने तो उल्लेख वगळण्याची दुरुस्ती २३ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी स्वीकारली. मात्र ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करण्याची सूचना त्यांनी नाकारली. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास संविधानाने मनाई केली असेल, तर त्या वयापर्यंत मूल शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट केले. अशा रीतीने अनुच्छेद ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट आले. ते न्यायालयामार्फत अमलात आणता येण्याजोगे नव्हते आणि ठरलेल्या मुदतीत पूर्णही झाले नाही.

अनुच्छेद ४६ ने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशाचे जातवार वाटप रद्द केल्यानंतर पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये खंड ४ जोडण्यात आला. त्या वेळी आंबेडकर केंद्रीय कायदामंत्री होते.

== वारसा ==

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे आंबेडकरांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. ती जागा आज चैत्यभूमी म्हणून ओळखली जाते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ क द्वारे ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि तत्संबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मसुद्यातून १९४८ मध्ये वगळलेला हक्काचा उल्लेख अशा प्रकारे अर्धशतकानंतर संविधानात आला. आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दरडोई खर्च, गळती, शुल्काचा भार आणि शाळांवरील नियंत्रण या १९२७–२८ मध्ये त्यांनी वापरलेल्या कसोट्या शिक्षण धोरणाच्या चर्चेत आजही वापरल्या जातात.