गणकयंत्राचे जनक : चार्ल्स बॅबेज

दोनशे वर्षांपूर्वी भर समुद्रात आपले जहाज नेमके कोठे आहे, हे जाणण्यासाठी नाविकांना आकड्यांच्या कोष्टकांवर विसंबून राहावे लागे. कोष्टकातील एखादा अंक चुकला, तर जहाज खडकावर आदळण्याची भीती असे. ही कोष्टके माणसेच आकडेमोड करून तयार करीत. आज आपण यंत्राला कॉम्प्युटर म्हणतो. त्या काळी इंग्लंडात हा शब्द अशी आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी योजीत असत. माणूस कितीही दक्ष असला, तरी तो थकतो आणि चुकतो. हे काम यंत्राकडे सोपवावे, असा ध्यास ज्यांनी जन्मभर घेतला, ते थोर गणितज्ञ म्हणजे चार्ल्स बॅबेज होत.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे एका सधन पेढीवाल्याच्या घरी झाला. गणिताची गोडी त्यांना लहानपणीच लागली. १८१० साली ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले आणि १८१६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटी या विख्यात संस्थेचे सदस्य झाले.

१८२१ साली जॉन हर्शेल या मित्रासह ते खगोलशास्त्राची कोष्टके तपासीत बसले होते. चुकांमागून चुका सापडू लागल्या. वाफेवर गिरण्या चालतात, तर आकडेमोड का चालू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांची युक्ती साधी होती. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या पाहा. त्यांच्यातील अंतरे ३, ५, ७, ९ अशी आहेत आणि त्या अंतरांतील अंतर सदैव २ च राहते. म्हणजे गुणाकार न करता, केवळ बेरजेने, पुढील वर्गसंख्या मिळत जाते. बेरीज तर दातेरी चक्रेही करू शकतील!

१८२२ साली त्यांनी अशा यंत्राची लहान प्रतिकृती करून दाखविली. पुढील वर्षी सरकारने द्रव्यसाहाय्य दिले व जोसेफ क्लेमेंट या कुशल कारागिराच्या हाताखाली मोठ्या यंत्राचे काम सुरू झाले. परंतु त्यासाठी हजारो भाग अत्यंत काटेकोरपणे घडवावे लागत आणि ते घडविण्याची हत्यारेही आधी तयार करावी लागत. वर्षे लोटली, खर्च वाढत गेला. १८२७ साली बॅबेज यांच्या पत्नीचे व वडिलांचे निधन झाले. १८३३ साली क्लेमेंट यांच्याशी पैशावरून बिनसले व काम थांबले. सुमारे १७,००० पौंड खर्ची पडल्यावर १८४२ साली सरकारने आपला हात काढून घेतला.

या अपयशात बॅबेज यांच्या स्वभावाचाही वाटा होता. ते तापट होते आणि हातचे यंत्र पुरे होण्याआधीच त्यांना त्याहून सरस यंत्र सुचे. परंतु १८३४ साली सुचलेल्या नव्या यंत्राची कल्पना अपूर्वच होती. त्यात आकडे साठविण्यासाठी एक कोठी होती व त्यांवर क्रिया करण्यासाठी एक गिरणी होती. कोणती क्रिया केव्हा करावयाची, ही आज्ञा छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी द्यावयाची होती. फ्रान्समधील जाकार यांच्या मागावर अशाच पत्त्यांनी नक्षीदार कापड विणले जाई. पत्ते बदलताच हे यंत्र नवे गणित सोडविणार होते. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली या यंत्राचे मर्म आपल्या विस्तृत टिपांतून जगापुढे मांडले. तथापि, तेही यंत्र पुरे झाले नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हा त्यांच्यामागे अर्धवट जोडलेली चक्रे आणि आराखड्यांचे ढीग उरले होते.

पुढे विजेच्या साहाय्याने गणकयंत्रांच्या एकामागून एक पिढ्या जन्मास आल्या. पहिली पिढी निर्वात नलिकांची होती. अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० नलिका होत्या व त्याने एक मोठे दालन व्यापले होते. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि त्यातून दुसरी पिढी घडली. १९५८ साली अनेक भाग एकाच तुकड्यावर कोरण्याची कला साधली. ती तिसऱ्या पिढीचा पाया झाली. १९७१ साली, बॅबेज यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, नखाहूनही लहान तुकड्यावर सारी गिरणी मावली. तेथून चौथी पिढी सुरू झाली. चक्रे गेली, नलिका गेल्या; परंतु कोठी, गिरणी आणि आज्ञा ही मांडणी मात्र कायम राहिली.

१८४७ ते १८४९ या काळात बॅबेज यांनी आपल्या पहिल्या यंत्राचा एक सुधारलेला आराखडा काढून ठेवला होता. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याबरहुकूम, त्या काळच्या कारागिरांना साधेल इतक्याच काटेकोरपणे, ते यंत्र १९९१ साली उभारले. हाताने दांडा फिरविताच चक्रे फिरू लागली आणि एकतीस अंकी उत्तरे अचूक उमटली. आराखडा मुळात योग्य होता. त्याला केवळ दीड शतक वाट पाहावी लागली.