गास्टन प्लांते: पुन्हा भरणाऱ्या बॅटरीचे जनक

मोटारीत गेल्या शंभर वर्षांत जवळपास सगळे बदलले. बॉनेटखालची बॅटरी मात्र मूळ तत्त्वाने तीच राहिली. शिसे आणि सल्फ्युरिक ॲसिड यांची ही जोडी १८५९ मध्ये जुळवली ती गास्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की बॅटरी का मरते, याचे उत्तरही त्यांच्याच प्रयोगांत आहे.

प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी नैऋत्य फ्रान्समधील ऑर्थेझ या गावी झाला. त्यांचे भाऊ फ्रान्सिस पुढे नामवंत पियानोवादक झाले. गास्टन यांची ओढ विज्ञानाकडे. १८५४ मध्ये ते पॅरिसच्या तंत्रशिक्षण संस्थेत भौतिकशास्त्राचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना पॅरिसजवळ एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हणतात.

त्या काळी वीज मिळे ती व्होल्टा, डॅनियल यांच्या विद्युतघटांतून. आतले रसायन संपले की घट संपला. वेगवेगळ्या धातूंतून प्रवाह सोडून तो बंद केल्यावर उलट दिशेने किती वीज परत मिळते, हे प्लांते तपासू लागले. शिशाने सगळ्यांना मागे टाकले. त्यांनी शिशाचे दोन पत्रे मधे आवरण घालून वळकटीसारखे गुंडाळले आणि पातळ ॲसिडमध्ये बुडवले. वीज आत भरता येऊ लागली, हवी तेव्हा काढता येऊ लागली. १८६० मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

तिचा लाभ वैद्यकालाही झाला. या घटांच्या विजेने तार लाल तापवून ऊती जाळता येत. शरीराच्या पोकळ्यांत उजेड पाडणाऱ्या गुस्ताव्ह त्रुव्हे यांच्या उपकरणालाही हेच घट वीज पुरवत.

अडचण होती ती वेळेची. पत्रे ‘तयार’ व्हायला महिने लागत. प्लांते ते भरत, रिकामे करत, प्रवाहाची दिशा उलटवत आणि मधूनमधून नुसते ठेवून देत. ठेवलेल्या काळातही ॲसिड शिशावर काम करत राही आणि पत्र्याचा थर सच्छिद्र होत जाई. म्हणजे वापर थांबला तरी आतली रासायनिक क्रिया थांबत नाही. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन हा खटाटोप कमी केला. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे काम बॅटरीकडे आले. ते पाहायला प्लांते नव्हते; २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले होते.

पत्रे घडवण्यासाठी प्लांते यांना जी क्रिया उपयोगी पडली, तीच आज बंद गाडीची बॅटरी मारते. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते विरघळते. तशीच राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग चार्जरही फारसे काही करू शकत नाही. कॅनडात थंडीभर गाडी उभी ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक धोका असतो: उतरलेल्या बॅटरीतले ॲसिड पाण्यासारखे पातळ होऊन गोठते आणि बॅटरीचा डबा फुटू शकतो. सेलूत शत्रू उलटा आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी किंवा ट्रॅक्टर अधिक लवकर दगा देतो.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी आणि मायनसची वायर काढून ठेवावी. घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज खातच असतात. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आली की पुन्हा चार्ज करावी. नुसते पाच मिनिटे इंजिन चालवून ती भरत नाही. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड नव्हे.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ बिडी, काडी किंवा ठिणगी नको. जागा हवेशीर हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. ॲसिड डोळ्यांत उडालेच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावेत आणि तडक दवाखाना गाठावा. मेलेली बॅटरी अंगणात फोडून शिसे काढण्याचा मोह टाळावा. त्याची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूची कायमची हानी करतो, आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातले शिसे वितळवून नव्या बॅटरीत पुन्हा वापरले जाते.