अरणचे माळी: संत सावता महाराज



पास्काकाळ सुरू आहे आणि आपल्या चाळीसगावात उन्हाने कहर मांडला आहे. चर्चच्या आवारातील लिंबू, जास्वंद आणि कण्हेर फार माजली होती म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही कात्री हाती घेतली. तेवढ्यात आपल्याच धर्मग्रामातील एका जाणत्या मावशींनी आम्हाला थांबवले. भर उन्हाळ्यात झाडाची सावली काढली तर खोड उघडे पडते, साल तडकते, एवढी साधी गोष्ट सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून आलेल्या फादरांना ठाऊक नसावी याचे त्यांना नवल वाटले. वाळलेल्या फांद्या आणि लिंबाचे सरळ वर जाणारे पानसोट तेवढे काढा, बाकी राहू द्या, असा त्यांचा हुकूम झाला. निंदणीला मात्र हेच दिवस चांगले. हरळी मुळासकट उपटून उन्हात टाकली की दोन दिवसांत वाळते. पावसाळ्यात तीच काडी पडल्या जागी पुन्हा रुजते. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याची गाठ खोल असते, वरचे पाते ओढले तर गाठ खालीच राहते.

हातात खुरपे आले आणि आम्हाला अरणचे सावता माळी आठवले. वारकरी संताचे चरित्र आपल्या पत्रिकेत कसे, असे कुणाला वाटेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले आहे की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. शिवाय आपण मराठी माणसे आहोत. शेजारच्या मळ्यात काय पिकले ते पाहायला हरकत नसावी.

सावता महाराजांचा जन्म १२५० साली सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावी, माळी घराण्यात झाला. तो यादवांचा काळ. आपल्या घाटापलीकडे देवगिरीला राजधानी होती आणि अलीकडे पाटणच्या डोंगरात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ साली मठाचा शिलालेख कोरवून घेतला होता. ज्ञानदेव आणि नामदेव हे सावतोबांचे समकालीन, पण दोघेही वयाने वीस-पंचवीस वर्षांनी लहान. पत्नीचे नाव जनाबाई. लौकिक चरित्र एवढेच, त्यात फारसे काही घडत नाही. मोट, पाट, वाफे, खुरपे आणि भाजीपाला यातच आयुष्य गेले.

पंढरपूर तेथून दूर नाही. पायी एक-दोन दिवसांची वाट. तरीही सावता महाराज वारीला गेले नाहीत, अशी परंपरा आहे. ज्यांची गणना वारकरी संतांत होते त्यांनीच वारी केली नाही! याचे कारण आम्हाला खुरपे हाती धरल्यावर थोडे कळले. कोरडवाहू शेतकरी पेरणी आटोपून आषाढी गाठू शकतो. मळेकऱ्याला ती मोकळीक नाही. आषाढात तण पिकापेक्षा जोराने वाढते आणि उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली तर मेथी, कोथिंबीर हातची जाते. देवाने दिलेला मळा सोडून देवाला भेटायला जायचे, हे त्या माळ्याला पटेना. त्यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला.

त्यांचे म्हणून सदतीसेक अभंग मिळतात. काशिबा गुरव यांनी ते लिहून ठेवले असे सांगतात. त्यांतला भाजीचा अभंग महाराष्ट्राला पाठ आहे. गंमत अशी की त्यात आज मिरचीचेही नाव येते. मिरची ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली, म्हणजे सावता महाराजांनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. गाणाऱ्यांनी आपल्या वाफ्यातली भाजी अभंगात लावली असणार. अभ्यासकांना ही भेसळ वाटेल, आम्हाला मात्र ती आवडते.

आता ती प्रसिद्ध कथा. पांडुरंग एकदा ज्ञानदेव-नामदेवांबरोबर अरणच्या वाटेने जात होते. त्यांना बाहेरच थांबवून देव एकटेच मळ्यात शिरले आणि मागे चोर लागले आहेत, मला लपव, असे सावतोबांना म्हणाले. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपला ऊर चिरला, देवाला आत घेतले, वर कांबळे पांघरले आणि भजन करीत बसले. बाहेर नामदेव व्याकूळ होऊन देवाला शोधत राहिले. ही कथा इतिहास नव्हे, पण तिच्यात एक तपशील नेमका आहे. तलवार नाही, सुरी नाही, खुरपेच. तण काढायचे हत्यार सावतोबांनी स्वतःवर चालवले. संत योहानाच्या शुभवर्तमानात पिता हा द्राक्षमळ्याचा माळी आहे आणि फळ देणारी फांदीही तो छाटतो, ते आपण या पास्काकाळात ऐकतोच. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात तेव्हा वेलीवर फारसे काही उरत नाही. तो बाग पाहिला की ते वचन अंगावर येते. उलट मत्तयच्या शुभवर्तमानात धनी चाकरांना निदण उपटू देत नाही, गहूही उपटला जाईल म्हणतो. मग तण काढायचे की ठेवायचे? आमच्या अल्प बुद्धीला असे वाटते की, दुसऱ्याच्या शेतात थांबावे, आपल्या शेतात थांबू नये.

हे लिहिण्यास आम्हाला एक कारण घडले. आपल्यातले एक शेतकरी बांधव बरेच रविवार मिस्साला दिसले नाहीत. आम्ही प्रवचनात, नाव न घेता पण सर्वांना कळेल असे, टोचून बोललो. नंतर समजले की त्यांना वीज रात्रीची मिळते, रात्रभर लिंबाच्या बागेला पाणी देऊन सकाळी त्यांचा डोळा लागतो. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा पाजला आणि हसून म्हणाले की, फादर, मग आम्हीही सावता माळीच की.

येथे आम्ही अडखळलो. रविवारचा मिस्सा ऐच्छिक आहे असे आम्ही सांगू शकत नाही, सांगणारही नाही. सावता महाराजांनी पंढरी सोडली म्हणजे देव सोडला नव्हता. मळ्यात नामस्मरण आणि भजन चालत असे. काम हे त्यांचे निमित्त नव्हते. हा फरक प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावा. दुसऱ्याच्या मनाचा आम्ही एकदा तपासला आणि चुकलो. त्या बांधवांशी मात्र आमचे ठरले आहे की शनिवारी सायंकाळी आम्ही त्यांच्या बागेत जाऊ, कुटुंबासोबत रोझरीची प्रार्थना करू आणि त्यांना जमेल त्या रविवारी ते येतील.

ख्रिस्तसभेतही बागवानांचे एक संत आहेत, संत फियाकर. सातव्या शतकात ते आयर्लंडहून फ्रान्सला आले, मो शहराजवळ आश्रम बांधला आणि भाजीपाला पिकवून वाटसरूंना जेवू घातले. त्यांच्या मूर्तीच्या हातात फावडे असते. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालेनेने प्रभूला ओळखले नाही, तेव्हा तिला तो कोण वाटला? माळी.

सावता महाराज १२९५ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, आषाढ वद्य चतुर्दशीला समाधिस्थ झाले. पुढच्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. अरणला समाधी आहे ती त्यांच्या मळ्यातच. सर्व संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांची जात नाही. पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आवारातली हरळी काढायची आहे. ज्यांच्या घरी खुरपे असेल त्यांनी ते आणावे. चहा चर्चतर्फे. छाटणीची कात्री मावशींच्या ताब्यात राहील.

आपला,
धर्मगुरू